डाव आणि डावा

मराठी भाषेने उजव्या हाताचे जितके लाड केले आहेत, तितके एखाद्या आजीने शेंडेफळ नातवाचेही केले नसतील. दोन गोष्टींत सरस ठरेल ती ‘उजवी’. मुलीचे लग्न पार पडले की बाप म्हणतो, ‘लेक उजवली.’ व्रत पुरे झाले की त्याची उजवणी. डाव्याच्या वाट्याला मात्र ‘डावे ठरणे’ आणि ‘डावलणे’. दुकानात डाव्या हाताने नोट पुढे केली की वाणी कपाळाला आठी घालतो. पंगतीत एखाद्याने डाव्या हाताने भात कालवला की वाढणारा क्षणभर थबकतो. गंमत अशी की, देवाला यात काही वावगे वाटत नसावे. आमच्या खालापूर तालुक्यातल्या महडचा वरदविनायक डाव्या सोंडेचा आहे. अष्टविनायकांत उजव्या सोंडेचा एकटा सिद्धटेकचा. आणि उजव्या सोंडेच्या गणपतीचे सोवळे कडक, म्हणून तो घरी बसवायला माणसे बिचकतात. म्हणजे ज्याच्यापुढे आपण घरोघर हात जोडतो तो डाव्या अंगाला वळलेला, आणि त्याचा प्रसाद घ्यायचा तो मात्र उजव्याच हाताने!

एक शब्द तेवढा कानाला डाव्याचा सख्खा भाऊ वाटतो. तो म्हणजे खेळातला ‘डाव’. माझ्या भाच्याच्या आयुष्यात हे दोन शब्द एकत्र आले आणि त्यातून बरेच रामायण घडले.

भाचा खोपोलीला असतो. यंदा बारावीत आहे. जन्माचा डावरा. लहानपणी त्याच्या हातातली पेन्सिल काढून उजव्या हातात देण्याचे प्रयोग घरात पुष्कळ झाले. पण पोरगे चिवट निघाले. पुढे घरात संगणक आला, अभ्यासासाठी म्हणून. अभ्यासासाठी आलेल्या संगणकावर पोरे काय करतात हे मी शाळामास्तर असल्यामुळे मला कोणी सांगायला नको. तो खेळू लागला, आणि चांगला खेळू लागला.

गेल्या पावसाळ्यात ताईचा फोन आला. “तू जरा येऊन जा. तुझ्या भाच्याचा हात धरलाय. रात्री झोप नाही पोराला. आणि तुझे दाजी संगणक विकायला निघालेत.”

कर्जतहून खोपोलीची गाडी पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी असे करीत आरामात जाते. मी पोचलो तेव्हा दाजी कारखान्यातून नुकतेच आले होते. मला पाहताच म्हणाले, “मास्तर, तुम्हीच सांगा याला. आधीच डावरा, त्यात हे खूळ. तरी मी म्हणत होतो, डाव्या हाताला एवढे राबवू नकोस. आता भोगा!”

मी भाच्याला विचारले, “कुठला हात दुखतो रे?”

“उजवा, मामा.”

दाजींनी चहाचा कप खाली ठेवला. इतके दिवस घरात डाव्या हाताची निर्भर्त्सना चालली होती, आणि दुखत होता तो उजवा! हे कोणी विचारलेच नव्हते. डावरे पोर, तेव्हा दुखणार तो डावाच, हे सगळ्यांनी गृहीत धरले होते. आणि पोरानेही, बोलणी खाण्यापेक्षा दुखणे बरे म्हणून, तोंड उघडले नव्हते.

मी त्याला म्हटले, “बस, आणि तू कसा खेळतोस ते मला दाखव.”

ज्यांनी हे खेळ पाहिले नसतील त्यांच्यासाठी थोडे सांगतो. नेमबाजीचे नि धावपळीचे हे खेळ दोन्ही हातांनी खेळायचे असतात. उजव्या हातात माऊस. त्याने नेम धरायचा. डाव्या हाताची बोटे कीबोर्डाच्या डाव्या अंगाला असलेल्या डब्ल्यू, ए, एस आणि डी या चार अक्षरांवर. त्यांनी पुढे, मागे, आजूबाजूला जायचे. ही वाटणी फार जुनी. डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत जगाला पहिल्यांदा माऊस दाखवला, तेव्हा तो त्यांच्या उजव्या हाताखालीच होता. डाव्या हाताखाली पाच पट्ट्यांचा एक छोटा कळफलक होता. पुढे १९९७ साली ‘क्वेक’ या खेळाची एक गाजलेली स्पर्धा डेनिस फाँग या अमेरिकन तरुणाने जिंकली आणि बक्षीस म्हणून फेरारी मोटार नेली. त्याची बोटे त्या चार अक्षरांवर असत. विजेत्याची ढब कोण उचलत नाही? आता बहुतेक खेळ त्याच बेताने बांधलेले येतात.

माझ्या भाच्याने माऊस डावीकडे घेतला होता, कारण नेम धरायला त्याला डावाच हात हवा. पण ती चार अक्षरे कुठे जाणार? ती डावीकडेच राहिली. मग उजवा हात पोटावरून आडवा नेऊन त्या अक्षरांवर ठेवायचा, आणि बोटे सरळ पडावीत म्हणून मनगट करंगळीच्या अंगाला मुरडायचे. शेजारीच माऊस धरलेला डावा हात. संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये दाराशी दोन प्रवासी एकमेकांत अडकून उभे असतात ना, तसे ते दोन हात एका कोपऱ्यात अडकले होते. कीबोर्डाची उजवीकडची हातभर जागा मोकळी ओस पडलेली. अशा अवस्थेत हे पोर दिवसाचे तीन-तीन, चार-चार तास काढीत होते.

विहिरीचा दोर रहाटावरून सरळ जात असेल तर वर्षानुवर्षे टिकतो. तोच कठड्यावर घासत गेला तर चार महिन्यांत झिजतो. मनगटातल्या दोऱ्यांचे, ज्यांना डॉक्टर कंडरा म्हणतात, त्यांचे असेच आहे. बोटे हलवणारे स्नायू असतात कोपराखाली. त्यांची ओढ बोटांपर्यंत पोचते ती या दोऱ्यांमधून. मनगट सरळ असेल तर त्या आपल्या म्यानातून सुखाने सरकतात. मुरडलेले असेल तर घासतात, सुजतात. मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला तर घाटातल्या बोगद्यासारखी एक अरुंद वाट आहे. खाली हाडे, वर चिवट पट्टा, आणि त्यातून नऊ कंडरा नि एक मज्जातंतू जातो. त्या तंतूवर दाब आला की अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांना मुंग्या येतात, बहुधा रात्री. करंगळी मात्र सुटते. आमच्या पोराचे दुखणे तिथवर गेले नव्हते. त्याची सूज करंगळीच्या बाजूला होती. डॉक्टरांनी तीन आठवडे हाताला विश्रांती सांगितली आणि मनगटाला आधाराचा पट्टा दिला.

पण विश्रांतीनंतर पुन्हा त्याच कोपऱ्यात जाऊन बसायचे असेल तर विश्रांतीचा उपयोग काय? म्हणून त्या तीन आठवड्यांत आम्ही मामा-भाचे नव्या मांडणीच्या मागे लागलो. बऱ्याच खेळांत कळा बदलण्याची सोय असते. ती चार अक्षरे सोडून त्याने उजवीकडची आय, जे, के आणि एल ही चार अक्षरे घेतली. आता उजवा हात उजव्या खांद्यासमोर आला, डावा डाव्या खांद्यासमोर. दोघांच्या मध्ये छाती मोकळी. माऊसही बदलावा लागला. कारण जुन्याचा आकार उजव्या तळव्यासाठी घडवलेला होता, अंगठ्याची खाच चुकीच्या अंगाला. दोन्हीकडून सारखा असा साधा माऊस स्वस्तात मिळाला. काही खेळ मात्र असे निघाले की त्यांत कळा बदलताच येत नाहीत. ते त्याने सोडून दिले. एक खेळ सोडताना त्याचा चेहरा पाहवत नव्हता. त्यातच तो सर्वांत पुढे गेला होता.

खरे काम केले ते दाजींनी. मी बोलत असताना ते गप्प होते. मग उठले, मोजपट्टी घेऊन आले, पोराला खुर्चीवर ताठ बसवले आणि जमिनीपासून कोपराची उंची मोजली. मग टेबलाची मोजली. टेबल चार बोटे उंच होते. “मशीन बसवताना आम्ही आधी माणसाची उंची बघतो,” ते म्हणाले, “आणि घरात हे बघितले नाही.” रविवारी त्यांनी करवत घेतली आणि टेबलाचे चारही पाय कापले. संगणक विकण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. तासाभराने उठून पाच मिनिटे अंगणात फिरायचे आणि रात्री दहानंतर खेळायचे नाही, एवढे दोन नियम त्यांनी घातले. पोराने ते मान्य केले. दिवाळीपर्यंत दुखणे बरेच ओसरले; पावसाळी हवेत मनगट अजून थोडे बोलते.

त्याच सुट्टीत त्याने मला एक गमतीची गोष्ट सांगितली. निन्टेंडो या जपानी कंपनीचा ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ नावाचा खेळ १९८६ पासून चालत आला आहे. त्याचा नायक लिंक मुळात डावरा. तलवार डाव्या हातात धरायचा. २००६ साली कंपनीने असे यंत्र काढले की, खेळणाऱ्याने हातातली कांडी फिरवली की पडद्यावरची तलवार फिरावी. बहुतेक माणसे कांडी धरणार उजव्या हातात. मग काय करावे? त्यांनी त्या यंत्रासाठी सारे जगच आरशात पाहिल्यासारखे उलटे केले. डोंगर, नद्या, वाटा सगळे डावीकडचे उजवीकडे, आणि नायक उजवा झाला. “बघ मामा,” तो म्हणाला, “नव्वद माणसांसाठी त्यांनी पृथ्वी फिरवली. आम्हा दहा जणांसाठी चार कळा फिरवायला काय होते?”

शंभरांत दहा हा त्याचा हिशेब ढोबळ असला तरी खोटा नाही. दर दहा माणसांत साधारण एक डावरा असतो. माझ्या वर्गात डाव्या हाताने लिहिणारी मुले असली की मी त्यांना बाकाच्या डाव्या टोकाला बसवतो. कोपराला कोपर लागत नाही आणि अक्षर आपोआप सुधारते. एवढीशी गोष्ट!

मात्र हात बदलला की सारे भागले, असेही नाही. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने तीनशे वर्षांपूर्वी कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांचीही कर्मकहाणी आहे. एका दस्तलेखकाचा उजवा हात लिहून लिहून निकामी झाला. त्याने मोठ्या जिद्दीने डाव्या हाताने लिहायची सवय केली, आणि थोड्याच दिवसांत डाव्यालाही तेच दुखणे जडले. उलट, नोव्हेंबर १९०९ मध्ये इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला जाताना ‘किल्डोनन कॅसल’ या बोटीवर गांधीजींनी ‘हिंद स्वराज’ लिहिले, तेव्हा उजवा हात थकला की ते डाव्या हाताने लिहीत. दस्तलेखकाने एका हाताचे सारे ओझे दुसऱ्यावर टाकले. गांधीजींनी ते दोघांत वाटून घेतले. मला वाटते, दोघांच्या गोष्टींतला फरक एवढाच आहे.

मी स्वतः उजवा. कादंबरीची पाने आणि मुलांचे पेपर यांनी माझाही उजवा खांदा अलीकडे कुरकुरू लागला होता. भाच्याने माझ्या शाळेतल्या संगणकाकडे पाहून सांगितले, “मामा, तुझ्या कीबोर्डाला उजवीकडे आकड्यांच्या कळा आहेत. त्यांच्या पलीकडचा माऊस गाठायला तुझा हात दिवसभर लांब जातो. डावीकडे आकडे नाहीत. माऊस डावीकडे घे, अंगाजवळ येईल.” त्याने बटणांची अदलाबदल करून दिली. पहिला आठवडा माझा बाण पडद्यावर दारुड्यासारखा झोकांड्या खात होता आणि माझे विद्यार्थी तोंडाला रुमाल लावून हसत होते. आता निकालपत्रके मी डाव्या हाताने फिरवतो आणि लिहितो उजव्याने. खांदा पुष्कळ निवळला आहे. ज्या हाताला घरादाराने आयुष्यभर सुधारू पाहिले, त्या हाताच्या मालकाने मला हे शिकवावे, याची मौज वाटते.

हे लिहीत असताना आमच्याकडे भातकापणी चालली आहे. उल्हास नदीकाठच्या खाचरांत माणसे ओळीने वाकलेली दिसतात. विळ्याची धार एकाच अंगाने लावलेली असली की डाव्या हाताला तो नीट लागत नाही. रोप कापण्याऐवजी ओढला जातो आणि मनगट भरून येते. आमच्या शेजारच्या आळीतली एक बाई डावरी आहे. परवा ती विळा शेवटायला लोहाराकडे गेली होती. मी तिथेच उभा होतो. लोहाराने विळा हातात घेतला, उलटापालटा केला आणि भात्याकडे वळण्याआधी सहज विचारले, “कुठल्या हाताचा, वहिनी?”