कोऱ्या पांढऱ्या टी-शर्टची पारख

छपाईसाठी घेतला जाणारा कोरा पांढरा टी-शर्ट दिसायला सर्वांत साधा असला, तरी निवडायला तो सर्वांत अवघड माल आहे. कारण सुतातील गाठ, विणीतील विरळपणा किंवा यंत्राच्या तेलाचा डाग गडद कापडात काही अंशी झाकला जातो, पांढऱ्यात मात्र प्रत्येक उणीव उघडी पडते. प्रस्तुत लेखकाने पुण्यात काही वर्षे स्क्रीन प्रिंटिंगचे, म्हणजे चौकटीवर ताणलेल्या जाळीतून कापडावर शाई उतरवण्याचे काम केले असून, पुढील विवेचन त्या अनुभवावर आधारलेले आहे.

पारखीचा आरंभ वजनापासून होतो. व्यापारात ज्याला जीएसएम म्हणतात, ते एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन होय. एका गोविंदा पथकाच्या ६० टी-शर्टांच्या कामात नमुना १८० जीएसएमचा पाहिलेला असताना आलेला माल हाताला हलका लागला, तेव्हा लेखकाने एका नगातून १० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चौकोन कापून तो सोनाराच्या काट्यावर ठेवला. हा तुकडा चौरस मीटरचा शंभरावा भाग असल्याने त्याच्या वजनाला शंभराने गुणले की जीएसएम मिळतो, काटा १.४ ग्रॅमवर थांबला आणि कापड १४० जीएसएमचे ठरले. दहीहंडीत पाण्याचे फवारे अंगावर येतात आणि इतके पातळ पांढरे कापड भिजले की आरपार दिसते, म्हणून छपाईचे दोन दिवस वाया घालवूनही तो माल परत करणेच योग्य होते.

वजनानंतर सुताचा विचार करावा लागतो. कापूस विंचरून त्यातील आखूड तंतू काढून टाकले की जे सूत तयार होते त्याला कोम्बड म्हणतात, तर केवळ पिंजून काढलेल्या सुतात हे तंतू बऱ्याच प्रमाणात शिल्लक राहतात व पुढे शाईच्या थरातून वर डोकावून गर्द काळा रंगही करडा भासवतात. बायोवॉश या प्रक्रियेत विकराच्या साहाय्याने पृष्ठभागावरील ही लव काढली जात असल्याने तिरुपूरसारख्या विणमालाच्या केंद्रातून येणारा कोम्बड, बायोवॉश केलेला माल बारीक रेषांच्या चित्रासाठी अधिक भरवशाचा ठरतो.

छपाईची पद्धत आणि तंतू यांचा मेळही आधी पाहिला पाहिजे. सब्लिमेशनमध्ये रंग सुमारे २०० अंश सेल्सिअस उष्णतेने वायुरूप होऊन पॉलिएस्टरमध्ये शिरतो, सुतीवर मात्र तो टिकत नाही. विक्रेत्याच्या शब्दाची खातरजमा करायची असल्यास एक धागा जाळून पाहावा. सूत जळताना कागदासारखा वास येऊन मऊ राख उरते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो.

पांढऱ्याच्याही छटा असतात, हे अनेकांच्या उशिरा ध्यानात येते. पूर्वी कपड्यांना नीळ देत असत, तसे कारखान्यात कापडाला उजाळा देणारी द्रव्ये वापरली जातात. ती अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश परत टाकतात. त्यामुळे दुकानातील दिव्याखाली सारखे वाटणारे दोन टी-शर्ट उन्हात नेल्यावर एक निळसर आणि दुसरा पिवळसर दिसू शकतो. एका पथकाचा सर्व माल एकाच लॉटमधून घ्यावा, असा आग्रह त्यासाठीच धरला जातो.

तथापि अंतिम निवाडा पाण्यातच होतो. धुतल्यावर सुती कापड आटते, गळ्याची पट्टी सैल पडते आणि सुताच्या पिळामुळे बगलेखालून सरळ उतरणारी शिवण कित्येकदा पोटाकडे वळते. मग छातीवर नेमके मध्यभागी छापलेले बोधचिन्हही तिरके दिसू लागते. हा दोष नव्या, इस्त्रीच्या घडीत दिसत नाही. म्हणून मोठी मागणी नोंदवण्यापूर्वी एकच नग विकत घ्यावा, त्याची लांबी-रुंदी मोजून ठेवावी, त्यावर छपाई करून तो तीन वेळा धुवावा आणि पुन्हा मोजावा. या कसोटीला उतरलेला टी-शर्ट थोडा महाग असला, तरी तोच घ्यावा.