आधी उतार, मग चढ

लोणारला कधी जावं, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असायचं: केव्हाही जा, बारमाही वाट आहे. मेहकरला बदली होऊन आलो तेव्हा सह्याद्रीतले बरेच किल्ले पायाखालून गेले होते आणि त्याची थोडी गुर्मीही होती. इथं तसे कडे नाहीत, कातळकोरीव पायऱ्या नाहीत, म्हणून आधी हिरमुसलो. मग कळलं की तासाभराच्या आत एका उल्केनं खणून ठेवलेलं विवर आहे. 1.8 किलोमीटर रुंद आणि काठापासून तळापर्यंत साधारण 137 मीटर खोल. सिंहगडाच्या चढाईचा पाव भागसुद्धा भरत नाही. ‘हा काय ट्रेक?’ असं मी ऑफिसात मोठ्यानं बोललोही. समोरचा लोणारचा सहकारी नुसता हसला. तो का हसला, हे विचारायला हवं होतं.

किल्ल्यावर चढ आधी असतो. दम लागला, पाणी संपत आलं, तर तुम्ही अर्ध्यातून मागं फिरता आणि पुढं उतारच असतो. म्हणजे चुकलेला अंदाज किल्ला माफ करतो. लोणारला सगळं उलटं. सकाळी ताज्या पायांनी, गप्पा मारत, फोटो काढत तुम्ही खाली उतरता. खाली पोचल्यावर वाटतं, काहीच तर झालं नाही. खरी चढण त्यानंतर, दुपारी, रिकाम्या बाटलीनिशी. माझ्या बहुतेक चुका या एका गोष्टीतून निघाल्या, आणि ती कळूनही मी त्या पुन्हा केल्या.

त्यातली सगळ्यात वाईट गुलाबी पाण्यापायी झाली. जून 2020 मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं ते आठवत असेल. उन्हानं पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि अशा कडक खाऱ्या पाण्यातच फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांचा रंग पाण्याला चढला, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीतून पुढं आलं. पाऊस पडून पाणी पातळ झालं तसा तो रंगही गेला. हे सगळं मी पेपरात वाचलेलं होतं. तरी पुढच्या एका मे महिन्यात पुण्याहून मेहुणा, त्याची बायको आणि शाळकरी मुलगी आली, तेव्हा ‘चला, गुलाबी तळं दाखवतो’ म्हणून मी त्यांना घेऊन निघालो. माझा हिशेब सोपा होता: मे म्हणजे ऊन, ऊन म्हणजे गुलाबी.

घरी पोहे, मग चहा, मग पुन्हा चहा. काठावर पोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. माणशी एक लिटर पाणी. उतरताना सागाची झाडं निष्पर्ण, सावली नावाला. वानरंसुद्धा फांदीवर गप्प बसलेली, तेवढ्यानं तरी मला समजायला हवं होतं. तळाशी पोचलो, झाडीतून बाहेर आलो आणि मेहुणा म्हणाला, “दाजी, हे तर हिरवं आहे.”

होतंच हिरवं. काठावर शेवाळ कुजल्याचा उग्र वास, पाणी आटून उघड्या पडलेल्या पट्ट्यावर क्षाराची पांढरी पापडी. मी माघार घेतो थोडीच! आलोच आहोत तर काठावरच्या कमळजा देवीच्या देवळापर्यंत जाऊ, म्हणून काठानं चालवत नेलं. देवळात पोचेपर्यंत बाटल्या संपल्या होत्या आणि पोरीचा चेहरा लालबुंद झाला होता. तिला मळमळायला लागलं. तिच्या आईनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती अजून विसरलेलो नाही. मी म्हणालो, “चला, पटकन वर निघू, अर्धा तास लागेल.”

देवीला आलेले एक बाबा गाभाऱ्याबाहेर बसले होते. ते उठले आणि माझ्या वाटेत उभे राहिले.

“काहून चढवता पोरीले? उन्ह उतरू द्या.”

“वर गाडी आहे, एसी आहे,” मी म्हणालो.

“गाडी वर हाय. पोरगी खाली हाय.”

त्यांनी स्वतःच्या कॅनमधलं पाणी दिलं, उपरणं भिजवून तिच्या डोक्यावर टाकलं आणि आम्हाला दगडी मंडपाच्या गारव्यात बसवून ठेवलं. ऊन कलल्यावरच निघू दिलं. वर पोचायला अर्ध्या तासाच्या दुपटीहून जास्त वेळ लागला. पोरगी थोड्या वेळानं सावरली. माझी बायको मात्र दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली.

तिथं इतकं का तापतं, याचा विचार मी नंतर केला. चारी बाजूंनी काठ उंच, त्यामुळं वारा खाली पोचत नाही. काळा बेसॉल्ट ऊन पिऊन बसतो. आणि एवढं पाणी समोर असून त्यातला घोटही तोंडात घेण्यासारखा नाही. या खोऱ्यात पाणी येतं, गोमुखाच्या झऱ्याच्या धारेचं येतं, पावसाचं येतं, पण बाहेर पडायला वाट नाही. उडून जातं ते फक्त पाणी; क्षार मागं साठत राहतात. सामू दहाच्या आसपास. पूर्वी लोक इथून दल्ला, खप्पल, पापडी अशा नावांचे खार काढून विकत. तहानलेल्या माणसाला ही माहिती काय कामाची? पण उतरण्याआधी आठवली असती तर पाण्याचा कॅन तरी उचलला असता.

पावसाळ्यात केलेली चूक छोटी, गुडघ्यावर खूण ठेवून गेलेली. नेहमीची वाट सोडून एका ओहोळाच्या पात्रातून खाली उतरायला गेलो, सह्याद्रीत नाळेतून उतरतात तसं. तिथला कातळ अखंड असतो. इथला दगड आघातानं फुटलेला, भरडलेला. पावसानं माती सैल झाली की पायाखालून निघून येतो. हे मला पुस्तकातून कळलं होतं, पायाला कळायचं होतं. आता पावसाळ्यात मी काठावरच फिरतो. एखादी सर येऊन गेल्यावर वरून दिसणारं हिरवं विवर आणि गोमुखाची धार, त्यासाठी खाली उतरायची गरजच नाही. पुढं गावातलं दैत्यसूदन मंदिर आहे. भर पावसात त्या मंडपात उभं राहून छताकडे पाहत राहावं. इतकी वर्षं ‘नंतर बघू’ म्हणून मी ते टाळत होतो, हीसुद्धा एक चूकच.

हिवाळ्यात धोका नाही, अशी माझी खात्री होती. त्या खात्रीपायी सरोवराला पूर्ण फेरा मारायला दुपारी उशिरा निघालो. वेड्या बाभळीचा एक काटा बुटाच्या तळव्यातून आरपार गेला आणि तो उपटण्यात वेळ गेला. वर पठारावर अजून ऊन असताना खाली अंधारायला लागलं, कारण सूर्य क्षितिजाआधी काठामागे जातो. मोर ओरडायला लागले. हे अभयारण्य आहे आणि इथं बिबट्याचा वावर आहे, हे गेटवर ज्यानं सांगितलं होतं, तोच वनरक्षक बॅटरी घेऊन मला शोधत खाली आला. तो काहीच बोलला नाही. मीच न विचारता तीन कारणं सांगितली.

या भटकंतीत मी पाहुण्यांना माहितीही देत असे, आणि त्यातही घोटाळा. विवर 52 हजार वर्षांचं, हे मी अगदी छातीठोकपणे सांगायचो. एकदा भूगर्भशास्त्र शिकणाऱ्या एका मुलीनं शांतपणे सांगितलं, की 2011 मध्ये आर्गॉन पद्धतीनं काढलेलं वय सुमारे 5 लाख 70 हजार वर्षं आलंय. मी तेव्हा वाद घातला. घरी येऊन वाचलं. तिचा नंबर घेतला नव्हता, त्यामुळं कबुली द्यायची राहूनच गेली.

एवढं झाल्यावर मी शहाणा झालो असं समजून एका वहीच्या पानावर लोणारच्या वाटांचा नकाशा काढला. उन्हाळ्यात पहाटे काठावरून फिरा, धारेच्या घळीपाशी काठ तुटतो तिथं वळसा घ्या. हिवाळ्यात सकाळीच तळाशी उतरा, काठाकाठानं कमळजेपर्यंत जा. जितकं पाणी पिऊन उतराल तितकंच वर चढण्यासाठी राखून ठेवा. बऱ्याच जणांना त्याचे फोटो पाठवले. फक्त सरोवराचं पाणी वाढत चाललंय, हे लक्षात घेतलं नाही. अलीकडच्या वर्षांत पातळी इतकी चढली की कमळजेच्या देवळापर्यंत पाणी आलं. माझ्या नकाशावर जिथं काठाची ठिपक्याठिपक्यांची वाट होती, तिथं आता पाणी आहे.

मला हे कळलं ते लोणारच्या त्याच सहकाऱ्याकडून. तो आता निवृत्त झालाय. माझा नकाशा त्याच्या पुतण्याच्या मोबाइलवर फिरत फिरत पोचला होता. त्यानं फोन केला आणि म्हणाला, “सर, तुमच्या वाटेनं जायचं तर पोरांना पोहायला शिकवावं लागेल. आणि तिथं पोहायला बंदी आहे.”