बाहेरून बसलेली कडी

भयकथा वाचणाऱ्या माणसाला मराठी विभागात फारसा मान नसतो. नारायण धारपांचे नाव काढले की सहकारी किंचित हसतात. रत्नाकर मतकरींचे काढले तर ‘नाटककार म्हणून मोठेच’ असे म्हणून बाजू बदलतात, आणि चर्चा पुन्हा नवकथेच्या हमरस्त्याला लागते. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो, चाळिशी ओलांडलेले आहोत, आणि दोघेही भयाचे रसिक आहोत. आमच्यापैकी एकीने शाळेच्या वयात वाचनालयातून आणलेले धारप पांघरुणात शिरून वाचले. दुसऱ्याने एम.ए.च्या दिवसांत मित्राच्या संगणकावर ‘सायलेंट हिल २’ हा जपानी खेळ रात्ररात्र जागून खेळला आणि भाषाविज्ञानाच्या पेपरात त्याचे फळ भोगले. असो.

या आवडीचे समर्थन करण्याची आम्हाला सवय झालेली आहे. ‘असल्या गोष्टींनी मुले बिघडतात’ असे कुणी म्हटले की आमचे उत्तर तयार असते : हे कल्पित आहे, हा तर खेळ आहे. हे उत्तर अगदीच पोकळ नाही. भरताने सांगितलेल्या आठ रसांत भयानक आहे, आणि त्याची उकल करताना अभिनवगुप्ताने शाकुंतलातल्या त्या प्रसिद्ध हरणाचा दाखला घेतला आहे. मागे रथ, रथात धनुष्य ताणलेला राजा, पुढे मान वळवून पाहत धावणारे हरीण. प्रेक्षकाला जाणवणारे भय त्या हरणाचे नसते, नटाचे नसते आणि प्रेक्षकाचे स्वतःचेही नसते. अमक्याचे, अमक्या ठिकाणचे, अमक्या वेळचे हे सारे पाश गळून पडलेले भय तेवढे उरते. यालाच आपण वर्गात साधारणीकरण म्हणतो आणि विद्यार्थी ते पाच गुणांची टीप म्हणून पाठ करतात.

संगणकावरच्या खेळात या रसिकाला हात फुटतात, एवढाच फरक. ‘रेसिडेंट ईव्हिल’ या १९९६ सालच्या खेळात एका खोलीतून दुसरीत जाताना पडदा काळा होई आणि केवळ एक दार सावकाश उघडताना दिसे. त्या अवधीत यंत्र तबकडीवरून पुढची खोली वाचून घेत असे. पण खेळणाऱ्याच्या लेखी ते काही क्षण म्हणजे त्या दारापलीकडे काय असेल याची नुसती प्रतीक्षा. यंत्राच्या अडचणीतून निर्माण झालेले इतके अस्सल भय दुसरे आठवत नाही. २००१ सालच्या ‘सायलेंट हिल २’मध्ये एका माणसाला मृत पत्नीचे पत्र येते आणि तो तिला शोधत धुक्याने भरलेल्या एका गावी जातो. कित्येक तासांनंतर उलगडते की तिला मारणारा तोच आहे. कादंबरीचा वाचक ‘त्याने मारले’ म्हणून मोकळा होतो. येथे मात्र त्याला इतका वेळ चालवणारी बोटे आपली असतात, आणि त्या अपराधाची थोडी काजळी बोटांना लागतेच. तरीही यंत्र बंद करण्याची कळ आपल्याच हाती असते. ती दाबावी, दिवा लावावा आणि डब्यातल्या शेवेची मूठ भरावी. भयाच्या रसिकाचा सारा करार या कळीवर उभा आहे.

या समर्थनाबद्दल पहिली शंका आम्हाला शर्ली जॅक्सनमुळे आली. तिची ‘द लॉटरी’ ही कथा ‘द न्यूयॉर्कर’च्या २६ जून १९४८ च्या अंकात आली. उन्हाळ्याची प्रसन्न सकाळ, नीटनेटके गाव, चिठ्ठ्या काढायला जमलेले शेजारीपाजारी. जिच्या चिठ्ठीवर काळा ठिपका निघतो तिला सगळे मिळून दगडांनी ठेचतात. तिच्या लहानग्या मुलाच्या हातातही कुणीतरी चार खडे देते. त्या उन्हाळ्यात जॅक्सनला तीनशेहून अधिक पत्रे आली. त्यांतली फक्त तेरा बरे बोलणारी होती आणि तीही बहुतेक मित्रांची, असे तिने पुढे एका व्याख्यानात सांगितले. टपाल मावेना म्हणून तिला पोस्टातली सगळ्यात मोठी पेटी घ्यावी लागली. खुद्द आईनेही नापसंती कळवली. पत्रांत गोंधळ होता, तर्क होते आणि सरळसरळ शिवीगाळ होती. परंतु आम्हाला सर्वांत भयंकर वाटतात ती वेगळीच पत्रे. अशा सोडती कोठे होतात आणि तेथे जाऊन त्या पाहता येतील का, अशी चौकशी त्यांत होती. कथेतला जमाव जणू कागदाबाहेर येऊन रांगेत उभा राहिला होता. मात्र त्या काळी शिवी देणाऱ्यालाही कागद, पाकीट आणि तिकीट लागे, आणि तेवढ्या वेळात काहींचा राग निवत असेल.

आता तेवढाही वेळ लागत नाही. अनिता सार्कीझियन यांनी २०१२ साली संगणकीय खेळांतल्या स्त्रीचित्रणावर चित्रफिती करण्यासाठी वर्गणी मागितली, तर कुणीतरी एक खेळच बनवला : पडद्यावर त्यांचा चेहरा, आणि दर टिचकीसरशी त्यावर एक नवी जखम. ऑगस्ट २०१४ मध्ये झोई क्विन यांच्या माजी जोडीदाराने त्यांच्याविरुद्ध लांबलचक मजकूर प्रसिद्ध केला. त्याच्या आधारे, एका पत्रकाराने जवळिकीपोटी त्यांच्या खेळाचे अनुकूल परीक्षण लिहिले, असा गवगवा झाला. तसे परीक्षण अस्तित्वातच नव्हते. पण तोवर क्विन यांचा पत्ता आणि दूरध्वनी हजारोंच्या हाती गेला होता. ज्या खेळावरून हे घडले तो ‘डिप्रेशन क्वेस्ट’ (२०१३) नैराश्याविषयीचा आणि जवळजवळ निव्वळ शब्दांचा आहे. त्यात खेळणाऱ्यापुढे पर्याय येतात, पण त्यांतले काही खोडलेले असतात. ते वाचता येतात, निवडता येत नाहीत. ऑक्टोबर २०१४ मध्ये युटा स्टेट विद्यापीठातल्या सार्कीझियन यांच्या व्याख्यानाआधी सामूहिक हत्याकांडाची धमकी आली. त्या राज्याच्या कायद्यामुळे श्रोत्यांना बंदुका आणण्यास मनाई करता येत नाही असे कळल्यावर त्यांनी व्याख्यान रद्द केले.

ही सारी सामग्री भयकथेचीच आहे, हे आम्हाला अस्वस्थ करते. अपरात्री वाजणारी घंटा, अनोळखी आवाज, ‘तू कुठे राहतेस ते मला ठाऊक आहे’ हे वाक्य. धारपांच्या कोणत्याही वाचकाला ही उपकरणे परिचित आहेत. बदलली आहे ती दिशा. अभिनवगुप्ताने ज्या पाशांतून भय सोडवले, तेच येथे मुद्दाम बांधले जातात : हे भय अमकीचेच, अमक्या पत्त्यावरचेच, आज रात्रीचेच. साधारणीकरणाची क्रिया उलटी फिरवली तर काय होते याचा याहून नेमका दाखला आम्हाला वर्गात देता येणार नाही. आणि धमकी देणाऱ्याला हटकले तर तो काय म्हणतो? हा तर खेळ आहे. वाक्य आमचेच!

यात चाहत्यांची जात निराळी नाही. स्टीफन किंगच्या ‘मिझरी’त (१९८७) लेखकाने लाडक्या नायिकेला मारले म्हणून एक वाचक त्याला कोंडून ठेवते. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ हा खेळ जून २०२० मध्ये आला, त्यात ॲबी नावाचे पात्र लाडक्या जोएलला मारते, आणि ॲबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेली यांना जीवे मारण्याच्या धमक्या आल्या. किंगच्या वाचकवेडीने निदान पात्राचा सूड खऱ्या लेखकावर तरी घेतला होता. येथे पात्राच्या पापाबद्दल तिचा आवाज जबाबदार धरला गेला.

मराठीच्या अध्यापकाला हे सगळे पाहताना एक नाटक आठवल्यावाचून राहत नाही. १९६७ साली रंगभूमीवर आलेले तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आम्ही इतक्यांदा शिकवले आहे की त्याची धारच आमच्यापुरती बोथट झाली होती. खेड्यात प्रयोगाला आलेली मंडळी, रिकामा वेळ, सामंताला कोर्ट कसे असते ते दाखवावे म्हणून मांडलेला लुटुपुटीचा खटला, आरोपी बेणारे. बघता बघता खटल्यात तिचे खरे आयुष्य ओढले जाते. ती दाराकडे धावते, तर बाहेरची कडी बसलेली. खेळ संपल्यावर त्याच मंडळींना तो खेळच वाटतो, आणि बेणारेने मनाला लावून घेऊ नये अशी त्यांची अपेक्षा असते. पूर्वी आम्ही या कडीला ‘समाजाच्या कोंडीचे प्रतीक’ म्हणून पुढे सरकत असू. पण ती कडी कुणी मुद्दाम लावलेलीच नसते. ती नीट सरकवली नाही तर दार ओढताच आपोआप बसते, हे तेंडुलकरांनी आरंभीच दाखवून ठेवले आहे. तिच्यावर बेणारेचे बोटही तेव्हाच चेमटते. त्यामुळे आत असलेल्यांपैकी प्रत्येकजण शपथेवर सांगू शकतो, की मी कडी लावली नाही.

आणि हे करणारे नेहमी ‘ते’ असतात असेही नाही. जानेवारी २०२० मध्ये ‘क्लार्क्सवर्ल्ड’ या विज्ञानकथांच्या नियतकालिकात इझाबेल फॉल या टोपणनावाने एक कथा आली. कथेचे शीर्षक ट्रान्स व्यक्तींची टिंगल करणाऱ्या एका वाक्यावरून घेतलेले होते, पण ती टिंगल उलटवण्यासाठी. शीर्षक पाहून पुष्कळ सुजाण, सहृदय माणसे संतापली. त्यांतल्या अनेकांनी कथा वाचलेली नव्हती. लेखिका स्वतः ट्रान्स स्त्री होती. तिच्या विनंतीवरून कथा मागे घेण्यात आली. येथे धमकीची भाषा नव्हती, न्यायाची होती. काशीकरांच्या कोर्टातही न्यायाचीच भाषा असते.

येथवर लिहून थांबता आले असते, आणि आमच्यापैकी एकाचे मत तसेच होते. परंतु हा लेख ज्या कारणाने लिहावासा वाटला ते कारण अमेरिकेतले नाही.

२०१७ साली आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकात द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीची भयकथा आम्ही आग्रहाने घेतली. गावाबाहेरच्या विहिरीवर तिन्हीसांजेला पाठमोरी उभी राहणारी एक बाई. जो तिला हाक मारील त्याच्या दारी ती रात्री पाणी मागायला येते. कथा चांगली होती. शेवट तर आम्हा दोघांनाही सुचला नसता. अंक निघाल्यावर पंधरवड्याने ती मुलगी स्टाफरूममध्ये आली. व्हॉट्सॲपवर अनोळखी क्रमांकांवरून संदेश येत होते. आधी थट्टा होती. मग तिच्याच कथेतली वाक्ये तिच्याकडे वळवून येऊ लागली : विहिरीवरची बाई आता वसतिगृहाच्या मागच्या फाटकाशी उभी आहे, तुझ्या खिडकीला निळा पडदा आहे, आज ती पाणी मागायला येणार आहे. पडदा निळाच होता.

आमच्यापैकी एकजण म्हणाला, “अगं, म्हणजे तुझी कथा पोचली!” दुसरी म्हणाली, “दुर्लक्ष कर बाळा. दोन दिवस फोन बंद ठेव. पोरांचा खेळ असतो.” ही दुसरी त्या वर्षी महाविद्यालयाच्या तक्रार समितीची सदस्य होती, आणि त्याच सत्रात त्याच वर्गाला ‘शांतता!’ शिकवत होती. संदेश जपून ठेव, क्रमांक लिहून दे, आपण पोलिसांकडे जाऊ, यांतले एकही वाक्य आमच्या तोंडून निघाले नाही. “बरं मॅडम,” एवढेच म्हणून ती गेली. दिवाळीनंतर तिने वसतिगृह सोडले आणि पदवी बाहेरून पूर्ण केली. ते क्रमांक कुणाचे होते ते आम्ही कधी शोधले नाही. वर्गात समोर बसणाऱ्यांपैकीच कुणी असतील, हा विचार मात्र पुढे दीड वर्ष प्रत्येक हजेरीला येत राहिला.

गेल्या वर्षी ती एस.टी. स्थानकावर भेटली. तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत नोकरी करते. काही लिहितेस का, असे विचारण्याचे धैर्य आम्हाला झाले नाही. तिनेच विचारले, “सर, तो अंक अजून ग्रंथालयात आहे का?” आम्ही मोठ्या उत्साहाने सांगितले, की आहे, खंड बांधून नीट ठेवला आहे. “काढता येईल का तो?” ती म्हणाली.

तो खंड ग्रंथपालांकडून सही करून आणला आहे आणि सध्या आमच्या कपाटात आहे. पाने अलगद कापून तिच्या स्वाधीन करावीत, असे एकाचे म्हणणे. दुसरीला वाटते, की त्याआधी तिच्याशी एकदा बोलावे आणि २०१७ साली जे बोलायला हवे होते ते निदान आता तरी बोलावे. तिचा क्रमांक आमच्याजवळ आहे. तो लिहून देताना तिने बजावले होते, की अनोळखी फोन ती उचलत नाही, आधी नाव घालून मेसेज करा.