डोंगराखालचा बाप

डोंगराच्या माथ्यावर प्रकाश आणि पायथ्याशी गलका, असा हा प्रसंग आहे. पेत्र, याकोब आणि योहान यांना घेऊन येशू उंच डोंगरावर गेला होता. तिथे त्यांच्यादेखत त्याचं रूप पालटलं, वस्त्रं झळाळून उठली. खाली उरलेल्या नऊ शिष्यांपुढे मात्र एक बाप आपल्या आजारी मुलाला घेऊन आला होता आणि त्या नऊ जणांनी हात टेकले होते. शास्त्री त्यांच्याशी हुज्जत घालत होते, भोवती बघ्यांची गर्दी जमली होती.

मत्तय, मार्क आणि लूक, तिघांनीही हे सांगितलं आहे. हा मुलगा एकुलता एक होता हे लूककडून कळतं. चार शुभवर्तमानांत मार्कचं सर्वांत छोटं. त्याची लेखणी सदा घाईत असते. पण इथे तो रेंगाळतो. बाकीचे दोघे सात-आठ वचनांत प्रसंग उरकतात, तर मार्क नवव्या अध्यायात त्यासाठी सोळा वचनं देतो. येशू आणि तो बाप यांच्यात झालेली बोलाचाली फक्त त्याच्याकडेच सापडते.

मुलगा येशूसमोर आणला जातो आणि तिथेच त्याला झटका येतो. तो जमिनीवर पडून लोळू लागतो, तोंडाला फेस येतो. अंग ताठ होतं, दात करकर वाजतात, असं बापाने आधीच सांगितलेलं असतं. मार्क याला मुका आत्मा म्हणतो. आज आपण ही लक्षणं ऐकून फेफरं म्हणू, आकडी म्हणू. अशा घडीला कुणीही आधी मुलाकडे धावेल. येशू बापाकडे वळून विचारतो, याला हे कधीपासून होतंय? मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. कुठलाही चांगला डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतो आणि इतकी वर्षं कुणी न विचारल्यामुळे साचलेलं सगळं त्या एका प्रश्नाने मोकळं होतं. लहानपणापासून, बाप म्हणतो, आणि पुढे सांगतो की या आत्म्याने पोराला कितीदा विस्तवात टाकलं, कितीदा पाण्यात. हे ऐकताना आकडीचा रुग्ण असलेल्या घरातल्या माणसाच्या काळजात धस्स होईल. चूल आणि विहीर, शेगडी आणि न्हाणीघरातली बादली. पाठ फिरली की काय होईल, या धास्तीत काढलेली वर्षं त्या एका वाक्यात आहेत.

मग तो येशूला विनवतो, तुला काही जमत असेल तर आमच्यावर दया कर. ‘याच्यावर’ म्हणत नाही, ‘आमच्यावर’ म्हणतो, कारण असं दुखणं अख्ख्या घराचं असतं. आणि ‘जमत असेल तर’ हे तो उगाच म्हणत नाही. घटकाभरापूर्वी येशूच्याच माणसांनी प्रयत्न करून पाहिले होते आणि पोरगं तसंच राहिलं होतं. त्याच्या शंकेला अनुभवाचा आधार होता.

विश्वास ठेवणाऱ्याला सारं शक्य आहे, असं येशू म्हणतो. त्यावर तो बाप ओरडून सांगतो की माझा विश्वास आहे, आणि त्याच दमात आपल्या अविश्वासासाठीही मदत मागतो. सबंध बायबलात मला याहून खरं बोलणं माहीत नाही.

चित्रकार रफाएलने 1520मध्ये मृत्यू येईपर्यंत ज्या चित्रावर काम केलं ते याच प्रसंगाचं. आज ते व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे, चार मीटरहून उंच. वरच्या भागात प्रकाशात तरंगणारा ख्रिस्त आहे, खाली काळोखात तो मुलगा: तोंड उघडं, डोळे फिरलेले, एक हात वर ताणलेला, दुसरा खाली. बापाने त्याला मागून दोन्ही हातांनी धरून ठेवलंय आणि तो शिष्यांकडे डोळे विस्फारून बघतोय. शिष्यांतले काही वर बोट दाखवताहेत. बापाला मात्र वर बघायला फुरसत नाही. हात सोडला तर पोर पडेल. शुभवर्तमानात एकापाठोपाठ एक येणाऱ्या दोन घटना रफाएलने एकाच चौकटीत बसवल्या, आणि वरचा उजेड व खालची तगमग एकाच वेळी चालू असतात हे दाखवून दिलं.

माझ्या ओळखीच्या एका बाईच्या मुलाला आकडी येते. एका प्रार्थनासभेत तिला कुणीतरी सांगितलं, “ताई, तुमचा विश्वास कुठेतरी कमी पडतोय.” ती घरी येऊन रात्रभर रडली आणि त्यानंतर मुलाच्या गोळ्या द्याव्यात की न द्याव्यात, या घोरात पडली. असं बोलणाऱ्यांना मला कळकळीने सांगायचं आहे, की मार्कचा नववा अध्याय शेवटपर्यंत वाचा. या बापाने आपला विश्वास अपुरा असल्याचं चारचौघांत कबूल केलं, तरी येशूने त्याला परत पाठवलं नाही. आधी शंका फेडून ये, असंही म्हटलं नाही. मुलगा त्याच घडीला बरा झाला. आणि त्या मुलाला तर कुणी विश्वासाबद्दल विचारलंही नव्हतं. गोळ्या वेळेवर द्याव्यात. योग्य उपचारांनी दहांतल्या सातजणांची आकडी थांबू शकते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गोळी देणारा हात आणि जोडलेला हात यांचं भांडण लावणारी शिकवण मला या शुभवर्तमानात कुठेच दिसत नाही.

देवाशी असं उघड बोलणं मराठी माणसाला परकं नाही. जनाबाई विठ्ठलाला फैलावर घेते, तुकोबा त्याच्याशी भांडतात, आणि ते सगळं भक्ती म्हणूनच गायलं जातं. नारायण वामन टिळक तुकोबांच्याच वाटेने ख्रिस्तापर्यंत आले. आपल्या देवळांत, चर्चमध्ये शंका घेणाऱ्याला खाली मान घालायला लावण्याचं मग काही कारण उरत नाही.

पुढे घरात गेल्यावर शिष्य एकांतात विचारतात, आम्हाला का जमलं नाही? हा प्रकार प्रार्थनेवाचून जात नाही, असं उत्तर मिळतं. मी तो प्रसंग पुन्हा चाळतो आणि तिथे प्रार्थना कुणी केली ते शोधतो. शास्त्र्यांनी वाद केला, शिष्यांनी प्रयत्न केले, येशूने त्या आत्म्याला हुकूम केला. मदत कर, असं गयावया करून म्हणणारा मात्र तो बापच.

त्याच्या अविश्वासाचं पुढे काय झालं, मार्क लिहीत नाही. मुलगा मेल्यासारखा पडतो, लोक तो गेलाच म्हणतात, येशू हात धरून त्याला उठवतो आणि तो उभा राहतो. त्यानंतर कित्येक महिने घरात भांडं पडल्याचा आवाज झाला की बाप धावतच आला असेल. तो पुन्हा कधीच डगमगला नाही असं मार्कने लिहिलं असतं, तर त्याच्या शेजारी उभं राहायची मला हिंमत झाली नसती.