दोन्ही टोंकें
गेल्या श्रावणांत धुळ्याचा माझा पुतण्या जळगांवीं आमच्या घरीं आला आणि त्यानें तिन्ही मजल्यांवर संगणकांचें जाळें पसरलें. आज्ञा देतां येतात असे ‘मॅनेज्ड’ स्विच त्यानें बसविले. तारेचा एक तुकडा १०० मीटरांहून लांब नसावा, येथपासून सारें मला समजाविलें.

दुसऱ्या दिवशीं एका तारेचें टोंक लोंबतांना दिसलें. आमची मास्तरी टापटीप! मीं तें त्याच स्विचच्या रिकाम्या खांचेंत बसविलें. क्षणार्धांत सारें घर मुकें झालें. सूनबाईचें कचेरीचें काम तुटलें, नातवाची परीक्षा अर्ध्यावर राहिली. पुतण्या दोन तास प्रत्येक यंत्रास ‘पिंग’ची हांक घालीत होता, ओ येईना. मुलांना खरें बोलावयास शिकविण्यांत जन्म घालविलेला मी मात्र गप्प! अखेर सांगितलें.

तो म्हणाला, “काका, चूक माझीच. सर्वांस उद्देशून धाडलेला निरोप अशा फेऱ्यांत सांपडला कीं फिरतच राहतो आणि वाट तुंबते. राडिया पर्लमन ह्या विदुषींनीं १९८५ सालीं प्रसिद्ध केलेल्या तोडीनें स्विच जादा वाट आपण होऊन बंद करतो. ती सोय मीं चालूच केली नव्हती.”

न्यायशास्त्रांत ह्यास आत्माश्रय म्हणावें कीं चक्रक, ह्या विचारांत मी होतों. तों त्यानें ती सोय चालू करून तीच तार माझ्याच हातून पुन्हां बसवून घेतली. या खेपेस प्रत्येक यंत्राची ओ येत राहिली.

सूनबाईला मात्र अद्याप कांहीं सांगितलेलें नाहीं. हा अंक बहुधा तिच्याच हातीं आधीं पडेल.