बंड्याचं बिऱ्हाड

आपल्या घरांत कुत्र्याचा विषय निघाला की पहिला शब्द येतो तो 'नापाक'. दुसरा शब्द सहसा येतच नाही. विषय तिथेच संपतो. 2025 संपता संपता एका कुत्र्यासाठी घर शोधायचं काम माझ्याकडे आलं. या एका शब्दाने किती दारं बंद होतात ते तेव्हा मी पाहिलं. ज्यांच्या घरी हा शब्द नाही त्यांचीही दारं सहजासहजी उघडत नाहीत, हेही त्याच वेळी पाहिलं.

काम माझ्याकडे आलं ते भाचीमुळे. ती पशुवैद्यकीचं शिक्षण घेते आणि सुट्टीच्या दिवशी पुण्याबाहेरच्या एका निवाऱ्यात जाऊन मुकी जनावरं तपासते. "फुफी, तुमच्या ओळखी खूप आहेत. एवढ्या एकाला तरी घर मिळवून द्या," असं म्हणून ती मला तिथे घेऊन गेली. त्या कुत्र्याचं नाव बंड्या. वय तीनेक वर्षं, रंग विटकरी, मागचा एक पाय कधीतरी मोडून जुळलेला, आणि नसबंदी झाल्याची खूण म्हणून कानाच्या टोकाला खाच. बंड म्हणून त्याच्या अंगात नव्हतं. कोणीही माणूस उभा राहिला की हा शांतपणे यायचा आणि आपलं सगळं वजन त्याच्या गुडघ्यावर टाकून टेकायचा. एवढंच. भुंकणं नाही, उड्या नाहीत. मी अंग चोरून उभी होते, तर तो माझ्या पिशवीला टेकला.

बंड्या एका शाळेच्या आवारात वाढलेला. मुलांच्या डब्यातल्या पोळ्या खाऊन मोठा झाला. एरवी असा कुत्रा नसबंदी आणि लसीकरण करून होता तिथेच सोडायचा असतो. 2001 च्या आणि नंतर 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांचं सूत्रच ते आहे. पण 7 नोव्हेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा आवारांतले भटके कुत्रे हलवायचा आणि पुन्हा त्याच जागी न सोडण्याचा आदेश दिला. कुत्रा चावून ज्यांच्या घरात आक्रोश झाला त्यांचं दुःख खरं आहे, त्याबद्दल मला काही बोलायचं नाही. पण ज्याने कोणाला दातही दाखवला नाही त्या बंड्याचं गाव मात्र एका दिवसात सुटलं. निवारा म्हणजे घर नव्हे. तिथली माणसं मायेची होती, पण पिंजरे भरलेले, हात थोडे. माणसाला टेकल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही त्याच्या वाट्याला दिवसातून दोनदा येणारा एक माणूस, तोही भांडं ठेवून पुढे जाणारा.

मुलीचं स्थळ बघावं तसं आम्ही सुरू केलं. भाचीने एक नियम घालून दिला होता. कुत्र्याचा स्वभाव आहे तसा सांगायचा, दोष झाकायचा नाही. पाय थंडीत दुखतो, फटाक्यांना घाबरतो, राखणीला बेभरवशाचा, हे आधीच सांगायचं. झाकून दिलेला कुत्रा महिन्याभरात परत येतो आणि परत आलेल्याला पुन्हा घर मिळणं अवघड होतं. घेणाऱ्यालाही विचारायचं. घर स्वतःचं की भाड्याचं, घरातल्या सगळ्यांची तयारी आहे का, गावाला गेलात तर याच्याकडे कोण बघणार, म्हातारा झाल्यावर काय.

उत्तरं तऱ्हेतऱ्हेची आली. एकाला लॅब्राडोर हवा होता. एकाला पिल्लूच हवं होतं. एका बाईंना बंड्या मनापासून आवडला, पण त्यांच्या सोसायटीने हात वर केले. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 मध्येच सांगितलं आहे. पण कागद दाखवून दार उघडत नसतं. त्या बाई संकोचून म्हणाल्या, "नियमात बसतं हो, पण रोज त्याच जिन्याने जायचं असतं ना." मला याचं नवल वाटलं नाही. माझा भाचा नोकरीसाठी शहरात घर शोधत होता तेव्हा जागा पसंत पडायची, भाडं ठरायचं, आणि नाव सांगितलं की मालकांना अचानक आठवायचं की पाहुणे येणार आहेत. नियमाबाहेर कोणीच काही बोलत नव्हतं. घर नाकारलं जाणं म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. म्हणूनच वाटलं, निदान आपली माणसं या जिवाचं ऐकून तरी घेतील.

आपल्या माणसांनीही ऐकून घेतलं नाही. "घरात रहमतचे फरिश्ते येत नाहीत," असं बहुतेकांनी सांगितलं, आणि ते हदीसमध्ये आहे. तेव्हा मी मोहल्ल्यातल्या मौलानांना गाठलं. वय झालेला, थोडं बोलणारा माणूस. त्यांनी आधी मला मसलक विचारला. मी कोकणातली, म्हणजे शाफई. ते स्वतः हनफी. मग त्यांनी समजावून सांगितलं. शाफईंच्या मते कुत्रा सगळाच नापाक. ओला लागला तर ती जागा सात वेळा धुवायची, त्यातलं एक धुणं मातीचं. कोरड्याला कोरडं लागलं तर धुण्याचा प्रश्न नाही. हनफींमध्ये प्रचलित मत असं की त्याची लाळ नापाक, अंग नव्हे. इमाम मालिक यांच्या मसलकात तर जिवंत कुत्रा पाकच धरला आहे. विनाकारण कुत्रा पाळणाऱ्याचं सवाब रोज घटतं असं हदीस सांगते, पण शिकार, गुरं आणि शेती यांच्यासाठी पाळायची सवलत त्याच हदीसमध्ये आहे. शिकवलेल्या शिकारी जनावराने धरलेली शिकार हलाल असल्याचं सूरह माइदामध्ये आहे. आणि तहानेने माती चाटणाऱ्या कुत्र्याला पाहून जो माणूस विहिरीत उतरला, पायातला मोजा पाण्याने भरून दातांत धरून वर आला आणि ज्याने कुत्र्याला पाणी पाजलं, त्याचे गुनाह माफ झाल्याची हदीस बुखारीत आहे, मुस्लिममध्येही आहे.

हे सगळं सांगून ते म्हणाले, "बीबी, नजासत ही धोने की बात है, नफरत की नहीं. लोकांनी दोन्ही एक करून टाकलं."

हे वाक्य मी गाठीला बांधून घेतलं. विचार केला तर आपण धुण्याचा मसला सोडून दिला आणि नफरत तेवढी ठेवली. भांडं किती वेळा धुवायचं हे दहातल्या नऊ जणांना सांगता येणार नाही, पण कुत्र्याला दगड कसा मारायचा हे मोहल्ल्यातल्या पाच वर्षांच्या पोरालाही येतं. हे त्याला कोणत्या किताबाने शिकवलं?

शेतीची सवलत कळल्यावर मला रत्नागिरीकडचा माझा मामेभाऊ आठवला. आंब्याची मोठी बाग, वानरांचा उपद्रव, राखणीला नेपाळी गडी. तो लगेच 'हो' म्हणाला. दीनच्या हिशेबाने यापेक्षा निर्दोष जागा नव्हती. पण भाची म्हणाली, "फुफी, बाग वस्तीपासून लांब आहे ना? रात्री तो मोकळाच राहणार ना?" कोकणात बिबट्याला वाघच म्हणतात आणि कुत्रा हे त्याचं आवडतं खाणं. माणूस दिसला की टेकायला जाणारा, पाय अधू असलेला बंड्या तिथे किती दिवस राहिला असता? मामेभावाला वाईट वाटलं, पण त्याने समजून घेतलं. त्याला हवा होता पहारेकरी, आणि बंड्याला हवा होता सोबती. दोघांची गरज वेगळी होती.

खेड तालुक्यातल्या खाडीपट्ट्यात माझी एक खाला राहते. सत्तरीच्या पुढची, हज केलेली, पाच वक्त नमाजाची पक्की. दोन्ही मुलगे कुवेतला. मोठं दुमजली घर, खाली पडवी, मागीलदारी बकऱ्यांचा गोठा, आणि एवढ्या घरात एकटी ती. तिला विचारायचं मी मनातही आणलं नव्हतं. खानदानात सगळ्यांत कडक तीच. मी सहज ख्यालीखुशाली विचारायला फोन केला होता, बोलता बोलता बंड्याची गोष्ट निघाली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बकऱ्यांना राखण नाही माझ्या. आण त्याला."

मी म्हटलं, "खाला, तो राखणीला उपयोगाचा नाही. तो भुंकतच नाही."

"ते मी बघीन."

"लोक बोलतील."

"मी दर जुम्म्याला सूरह कहफ पढते," खाला म्हणाली. "पन्नास वर्षं झाली. त्या गुहेतल्या भल्या माणसांच्या दारात पाय पसरून कोण बसला होता? ती माणसं किती होती यावर लोकांचं एकमत नाही. कोणी तीन म्हणतं, कोणी पाच, कोणी सात. पण प्रत्येकाने कुत्रा मोजलाय. मी कशी न मोजू?"

इतकी वर्षं तीच सूरह मीही पढत आले आहे. मोजणीत कुत्रा कोणी सोडलेला नाही, हे मला खालाने दाखवलं.

ताम्हिणी घाट उतरून माणगाव, महाड, कशेडी असं करत आम्ही बंड्याला घेऊन गेलो. वाटेत त्याला दोनदा उलटी झाली, बाकी तो भाचीच्या मांडीला टेकून होता. खालाने सगळी तयारी करून ठेवली होती. बंड्यासाठी वेगळा ॲल्युमिनियमचा टोप, नळाजवळ डब्यात चाळलेली माती, नमाजाच्या कपड्यांची आणि मुसल्याची जागा वर माडीवर. बंड्याची हद्द पडवीपर्यंत, उंबरठ्याच्या आत नाही. रात्री वाघाच्या भीतीने तो बकऱ्यांबरोबर गोठ्यात आणि गोठ्याला बाहेरून कडी. ज्या घरांत कुत्र्याच्या नुसत्या नावाने तोंडं वाकडी झाली होती, त्यांच्यापैकी कोणी इतका बारीक विचार केला नव्हता. ज्याला मसला नीट माहीत असतो त्याला घाबरायचं कारण उरत नाही, हे मी खालाच्या पडवीत शिकले.

खालाने एकच शंका विचारली, पिसाळण्याची. भाचीने लसीचं कार्ड दाखवलं, दरवर्षी टोचायला लागेल म्हणून सांगितलं. "आणि कोणताही कुत्रा चावला किंवा ओरखडा उठला तर आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची, आणि मग वेळ न घालवता दवाखान्यात जाऊन इंजेक्शनं घ्यायची." खाला हसली. "धुणं तुमच्या डॉक्टरकीतही आहेच म्हण की."

पहिले तीन दिवस बंड्या जेवला नाही. नव्या घरात असं होतं, त्याला हाका मारू नका, नुसतं त्याच्याजवळ बसा, असं भाचीने सांगून ठेवलं होतं. खाला पडवीत तांदूळ निवडत बसायची. चौथ्या दिवशी तो उठला आणि तिच्या पाटाला टेकला. तिने पाट जरा सरकवला, उठली नाही.

गावात बोलणारे बोलले. एकीने दारातूनच विचारलं, राखण तरी करतो का? खालाने सांगितलं, करतो. खरं तर परकं माणूस आलं की बंड्या उठून त्याला टेकायला जातो. बकऱ्यांची करडं त्याच्या अंगावर चढतात. पण संध्याकाळी मगरीबनंतर गाव शांत होतं, खाडीवरचा वारा घरातून फिरतो, तेव्हा पडवीत कोणीतरी श्वास घेतंय एवढी राखण तो करतो. खाला हे कधी बोलणार नाही आणि मीही विचारणार नाही. बकऱ्यांसाठी ठेवलाय, एवढं उत्तर दोघींना पुरतं.

महिन्याने भाची पुन्हा जाऊन आली. वजन वाढलेलं, गोचिड्या नाहीत, पायाला रोज कोमट तेल. कुवेतहून मुलांचे फोन येतात ते आता जास्त वेळ चालतात, कारण सांगायला काहीतरी असतं. लसीचं कार्ड खालाने पडवीतल्या खिळ्याला टांगलंय. आणि पुढच्या इंजेक्शनची तारीख तिने आत भिंतीवरच्या नमाजाच्या वेळापत्रकावर, इशाच्या रकान्याशेजारी, पेनने लिहून ठेवली आहे.