एका बोटावर वाद्यवृंद

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला प्रत्येक गोष्टीच्या जमा आणि नावे अशा दोन बाजू दिसू लागतात. गेल्या सुट्टीत माझ्या एका कन्नड मित्राने आपला एकसष्ट पट्ट्यांचा अरेंजर कीबोर्ड माझ्याकडे ठेवला, तेव्हा मी मनातल्या मनात त्याचेही खाते उघडले.

आमच्या गल्लीच्या भजनी मंडळात मी आजोबांच्या गाण्याला पेटीची साथ करतो. बेळगाव तर पेटीचे गाव! पंडित रामभाऊ विजापुरे (१९१७-२०१०) यांनी इथेच राहून कितीतरी शिष्य घडवले. त्यामुळे कीबोर्डपुढे बसताच माझा डावा हात सवयीने भाता शोधू लागला. भाता नव्हताच. त्या हाताला इथे निराळे काम. डावीकडच्या दीडेक सप्तकात सा, ग, प एकदम दाबले की तबला, ढोलक, बास गिटार सारे त्या स्वरांना धरून वाजू लागतात. एक सोय अशी आहे, की तीन बोटांऐवजी एकच पुरते. उजव्या हाताने चाल वाजवायची. सुरुवातीच्या संगीताला एक बटण, समारोपाला दुसरे. मित्राने पुरंदरदासांचे पद वाजवले आणि मी तुकोबांचा अभंग. दोन्ही एकाच केरव्यावर सुखाने चालली.

आता जमेची बाजू. लय केसभरही हलत नाही. रियाजाला रात्री हेडफोन लावला की शेजाऱ्यांची झोप सुरक्षित. शिवाय पेटीवर मींड निघत नाही, हा जुना आक्षेप. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. कीबोर्डच्या डाव्या कडेला असलेल्या चाकाने मात्र स्वर वाकवता येतो. हे वाद्य परके म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आपली पेटीही युरोपातूनच आली, हे विसरू नये.

नावेची बाजू भूपातल्या अभंगाने दाखवली. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य. पण साथीसाठी पंचमाचा स्वरमेळ धरला की निषाद घुसतो, मध्यमाचा धरला तर मध्यम. राग राखायचा तर ते दोन्ही टाळून वाजवावे लागते. पुढे आजोबा गायला बसले. त्यांनी एका शब्दावर मोठी आलापी घेतली. यंत्र आपले पुढे निघून गेले. गजराला लय चढू लागली, तेव्हा चाल सोडून मला बटणे दाबत बसावे लागले.

हे सारे मंडळाच्या बैठकीत सांगायची वेळ आली. कीबोर्ड घेतला तर तबलजी काकांची बिदागी वाचेल, असा विचार निघाला होता, आणि कॉमर्सवाला म्हणून हिशेब माझ्याकडे. वर्षाची बिदागी आणि यंत्राची किंमत मी कागदावर मांडली. दोनच वर्षांत पैसे वसूल होत होते. तरीही मी म्हटले, "कीबोर्ड मुलांना शिकायला घेऊ या. भजनाला काकाच हवेत."

काका कोपऱ्यात बसून ऐकत होते. ते उठले, त्यांनी स्वतः बटण दाबले आणि केरवा चार आवर्तने लक्ष देऊन ऐकला. मग म्हणाले, "ठेका अगदी बरोबर आहे रे. पण हा कुणाकडे बघून वाजवतोय?"

यंदाच्या आषाढीची बिदागी त्याच बैठकीत ठरली.